शेजाऱ्यांचं मत

१९९६ साली एमआयडीसीतली हेमचंद्रांची कंपनी बंद पडली, तेव्हा त्यांच्या पत्नी कुंदाताई त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये ते राहायचे. कुंदाताईंचं इंग्रजी चांगलं होतं, आणि कुणाच्याही घरी गेल्या तरी पाच मिनिटांत त्या घरच्यासारख्या व्हायच्या. म्हणूनच त्यांना ते काम मिळालं असावं. शरदचंद्र नावाच्या गृहस्थांनी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एक एजन्सी काढली होती. क्रेडिट कार्डासाठी अर्ज केलेल्यांच्या घरी जायचं, पत्ता खरा आहे का बघायचं, शेजाऱ्यांकडे चौकशी करायची आणि बँकेसाठी छापील फॉर्म भरायचा. प्रत्येक फॉर्मची कार्बन कॉपी त्या घरी एका पिशवीत ठेवायच्या.

"मला आवडतं गं हे," त्या मला म्हणायच्या. "लोक बसवून घेतात, बोलतात."

पुढच्या वर्षी त्या बदलापूरजवळच्या एका गावात चंदर नावाच्या माणसाची चौकशी करायला गेल्या. चंदरची वीटभट्टी होती, एक टेम्पो होता, दुसरा घ्यायचं चाललं होतं. तो आणि त्याची बायको भट्टीवर गेले होते. शेजारच्या घरात त्याची काकी रखमा होती. तिने कुंदाताईंना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि पुतण्याचं भरभरून कौतुक केलं. "पोरगा सोन्यासारका. लहानपनी फिटी येयाच्या त्याला. आमी किती देव केलं! आता बगा कसा उभा ऱ्हायलाय."

कुंदाताईंनी फॉर्मच्या 'शेजाऱ्यांचे मत' या रकान्यात इंग्रजीत लिहिलं: अर्जदार कष्टाळू, सचोटीचा, लहानपणी फिट येत असत. त्यांना वाटलं, जे ऐकलं ते लिहिणं म्हणजेच प्रामाणिकपणा.

दोनेक महिन्यांनी दुपारी चंदर त्यांचं घर शोधत आला. उंचापुरा, पण दारातच अवघडून उभा.

"बाई, आमच्या गावात फॉर्म घेऊन तुमीच आल्या होत्या ना?"

"हो. या ना आत."

"कार्ड नाय मिलालं, त्याचं कायबी नाय. पन टेम्पोला कर्ज देनारा मानूस मना विचारतो, तुमाला फिटी येतात ना, मग गाडी कोन चालवनार? त्याला कोनी सांगलं? मी तर नाय सांगलं."

कुंदाताईंनी फॉर्म बँकेसाठी भरला होता. टेम्पोला कर्ज देणाऱ्यांकडे तो गेला कसा? आणि काकीचं नाव तरी कसं सांगायचं? "मला फॉर्म दाखवायची परवानगी नाही हो," एवढंच त्या म्हणाल्या. तो मान हलवून निघून गेला. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी भात करपला.

दुसऱ्या दिवशी त्या शरदचंद्रांकडे गेल्या. ते अजिबात चिडले नाहीत. "अहो, ती फायनान्स कंपनीसुद्धा आपलीच गिऱ्हाईक आहे. एकाच माणसासाठी तुम्हाला दोनदा बदलापूरला कशाला पिटाळू?"

"पण असं देता येतं? कायद्यानं?"

"कुठला कायदा? तुम्ही मला दाखवा, मी पाळतो."

हेच विचारायला त्या मला घेऊन ग्राहक मंडळाच्या बैठकीला गेल्या. तिथे श्रीपाद नावाचे तरुण वकील होते. परदेशात असे कायदे झालेत, आपल्याकडेही व्हावा, म्हणून खासदारांना पाठवायला ते मसुदा करत होते. त्यांच्याकडे दोन कागद होते. एकात म्हटलं होतं की एका कामासाठी घेतलेली माहिती माणसाच्या सहीशिवाय दुसऱ्या कामाला वापरू नये. दुसऱ्यात, आपल्याबद्दल काय लिहिलंय ते प्रत्येकाला बघता यावं आणि चुकलं असेल तर दुरुस्त करता यावं.

"पहिलं पटलं मला," कुंदाताई म्हणाल्या. "पण दुसऱ्यात सांगणाऱ्याचं नाव दिसणार का?"

"दिसायलाच हवं. नाहीतर माणूस खोडून कसं काढणार?"

"मग खरं कोण सांगेल?"

"नको सांगू देत! शेजाऱ्यांना विचारणंच बंद करा."

मागून एक निवृत्त बँकवाले उठले. "आणि बँकेनं कार्ड कुणाच्या तोंडाकडे बघून द्यायचं?"

त्यावर बरीच वादावादी झाली. कुंदाताई मध्येच म्हणाल्या, "पण मुळात ही माहिती कुणाची? चंदरची, त्याच्या शेजारणीची, की मी लिहिली म्हणून माझी?"

श्रीपादनी पेन खाली ठेवलं. "ताई, तिथंच तर माझंही अडलंय."

घरी येताना त्या सारख्या बोलत होत्या. दाखवावं म्हटलं तर रखमाकाकी अडचणीत, न दाखवावं तर चंदर अंधारात. मी काहीतरी सुचवायचे आणि त्या लगेच त्यातलं भोक दाखवायच्या. शेवटी मलाच काही सुचेना.

अखेर त्यांनी दाखवायचं ठरवलं आणि चंदरला निरोप धाडला. रविवारी तो आला, बरोबर बायको चिमीही होती. उल्हासनगरला कापड घ्यायला निघाले होते. फॉर्म इंग्रजीत, म्हणून कुंदाताईंनी काकीचं नाव अंगठ्याखाली झाकून मजकूर मराठीत वाचून दाखवला.

चंदर म्हणाला, "हे खरं हाय. बारा वर्सांचा होईतो यायच्या. मंग कदी नाय."

चिमी त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. "ब्यांकेला म्हायती, टेम्पोवाल्याला म्हायती, ह्या बाईंना म्हायती," ती म्हणाली. "मंग मनाच कशी नाय म्हायती?"

कुंदाताईंनी बाजू झाकली होती ती काकीची. बायकोची बाजू त्यांच्या मनातच आली नव्हती. दोघं कापड न घेता परत गेली.

चंदरने डॉक्टरांचा दाखला आणून एजन्सीत दिला. शरदचंद्रांनी तो ठेवून घेतला, पण गेलेला फॉर्म परत मागवायची सोय नाही म्हणाले. शेवटी दुसऱ्या एका पतपेढीने टेम्पोला कर्ज दिलं. श्रीपादनी दोन्ही कागद खासदारांना पाठवले; पोचपावती आली, बाकी काही नाही. कुंदाताईंनी ते काम सोडलं आणि घरीच इंग्रजीच्या शिकवण्या सुरू केल्या.

पावसाळ्यानंतर चिमी एकदा एकटीच आली. मी तेव्हा तिथेच होते.

"आमचं बरं हाय आता," तिने आधीच सांगून टाकलं. "मी दुसरंच इचारायला आले. त्या कागदावर माज्याबद्दल काय लिवलंय का?"

कुंदाताईंनी पिशवीतून कॉपी काढली. "हो. पत्नी, गृहिणी."

"गृहिनी? भट्टीवर चालीस मानसं कामाला हायत. त्यांना आनते मी, राबवते मी. ह्ये तुमाला कोनी सांगलं? शेजारनीनं?"

"कुणीच नाही," कुंदाताई म्हणाल्या. "मीच लिहिलं. न विचारता."

"इचारायचं ना मंग."

कुंदाताईंनी चष्मा घातला, तो शब्द खोडला आणि पेन हातात धरून म्हणाल्या, "सांग आता, काय लिहू?"

"लिवा," चिमी म्हणाली, "भट्टी दोगांची."