पिंजऱ्यातला मारुती

मंडळी, दुपारपासून डोकं तापलेलं आहे, म्हणून तुमच्याजवळ बोलते.

आज नांदगाव पेठेच्या रस्त्यावर एका हॉटेलात चहाला थांबले. मागे पिंजऱ्यात माकड ठेवलेलं. शनिवार म्हणून गजांना रुईची माळ, आणि लोक हात जोडून नारळ ठेवत होते.

मी त्याला संत्रं दिलं. त्यानं ते बाजूला ठेवलं. गजांतून हात काढून माझ्या अंबाड्यातला आकडा हळूच ओढला आणि थेट कुलपात घालून फिरवू लागलं. माझ्याकडे पाहायचं, पुन्हा फिरवायचं.

सगळे हसले. मालक म्हणाला, "काकू, लय हुशार हाये आमचा मारुती. रोजच करते असं."

"रोज करते, तरी तुले समजत नाही तो काय मागून राहिला?"

"अवो, देवासारखं ठेवलं त्याले."

"मंग देवाले कुलूप काहून लावलं रे?"

मालकानं माकडाच्या हातून आकडा हिसकून माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. तिथूनच वनविभागाला फोन लावला. उद्या येतो म्हणाले. त्यांच्याआधी मी तिथं जाऊन बसणार आहे.

ज्याला कुलूप कळतं, त्याला कैद कळत नसेल? तुमच्यापैकी कोणी तिथं हात जोडले असतील, तर सांगा, तो आकडा तुम्ही परत अंबाड्यात खोवला असता काय?