गेममधली मुकी मेंढपाळीण
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला, की सोलापुरातल्या एका कॉलेजचा हॉल आठवतो. चिंचोळीच्या कारखान्यातल्या अपघातात वडील गेले तेव्हापासून माझी धाकटी बहीण बोलेनाशी झाली होती. मोबाईलवर एकच गेम खेळत बसायची. त्यातली मेंढरं राखणारी मुलगी वादळातून वाट काढायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. तो गेम बनवणारा माणूस कॉलेजात येणार असं कळलं, म्हणून मी बहिणीला मंद्रूपहून एसटीनं घेऊन गेले. प्रश्न विचारायची वेळ आली आणि ती एकदम उभी राहिली. "सर, ती बोलत का न्हाई? तिला काय झालंय?" कितीतरी महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकत होते. तो मोकळेपणानं हसला. "काही झालेलं नाही. पात्रं बोलायला लागली की खेळणारे कंटाळतात, म्हणून गप्प ठेवली." सगळा हॉल हसला. ती खाली बसली. परतताना एसटीत मी विचारलं, "काय झालं गं?" खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "मला वाटलं हुतं, तिचं बी कोन तरी गेलं आसंल." आता ती पुष्कळ बोलते. पण त्या दिवशी तिला तिथं नेलं ते बरं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही.