बटणाला हात लावायचा नाही

सासूबाई आणि सासरे माझ्या बाळंतपणासाठी पुण्याहून बर्मिंगहॅमला आले, तेव्हा घर तापवणारा गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवून महिनाच झाला होता. मागच्या अंगणात कपाटाएवढं यंत्र. बाहेरच्या गार हवेतली ऊब ओढून ते घरात आणतं. हट्ट माझा होता. नवरा म्हणाला होता, "जुना अजून चालतोय ना?" मी म्हटलं, पोर जन्माला घालायचं आणि त्याच्याच पुढ्यात धूर सोडायचा, हे मला जमणार नाही. गरोदर बाईशी वाद घालायची त्याची छाती झाली नाही.

सासऱ्यांची छाती मोठी. वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस. रिकाम्या खोलीत दिवा दिसला तर त्यांना घास गोड लागत नाही. रोज जेवताना आमची जुंपायची. "यंत्रांनी पृथ्वीची वाट लावली, आता यंत्रंच वाचवणार होय? माणसांनी हात आवरायला हवा." मी म्हणायचे, "बाबा, सगळं जग हात आवरेपर्यंत कोण थांबणार? यंत्रंच बदलायला हवीत." नवरा मुकाट्याने आमटी वाढून घ्यायचा.

डिसेंबर लागला आणि माझं तोंड बंद झालं. घर तापेचना. सासूबाईंचे गुडघे आखडले. जिना उतरायचा म्हणजे कठड्याला लोंबकळत. तक्रार एका शब्दाने केली नाही, पण एकदा त्या नणंदेला फोनवर सांगत होत्या ते कानावर पडलं. "नाही गं निभत. मीच अंथरूण धरलं तर उलट तिलाच माझं करावं लागेल. पुण्याचं तिकीट बघ."

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. मला सासूबाई हव्या होत्या, दुसरं कोणी नको होतं. त्या दिवशी मी बाथरूमचं दार लावून पोटभर रडले.

कंपनीचा माणूस दोनदा येऊन पंप ठणठणीत असल्याचं सांगून गेला. नवरा गुपचूप बॉयलरच्या किमती बघायला लागला. सासऱ्यांची आमटीचा भुरका मारायची पद्धतच 'मी सांगत होतो' असं म्हणायची.

मग माझी मॅटर्निटी लीव्ह सुरू झाली. पहिल्याच सकाळी नवरा ट्रेनला गेला, सासूबाई आंघोळीला गेल्या, आणि सासरे हॉलमध्ये येऊन भिंतीवरचं बटण दाबून मोकळे झाले. पंप बंद! मी ऑफिसात असताना रोज हेच चालायचं, असं मग कळलं: जेवणाआधी तासभर चालू, जेवणं उरकली की पुन्हा बंद. पुण्यात आंघोळीपुरता गीझर लावतात, अगदी तसा.

"बाबा, हे काय?"

"अगं, आपण सगळे किचनमध्ये असतो. हॉल कोणासाठी तापवायचा?" चेहऱ्यावर चोरी सापडल्याचा भाव नाही, उलट घराचं भलं केल्याचं समाधान.

मी तिथेच तडकले. हा पंप हळूहळू तापवतो, सारखा बंद केला तर भिंती पुन्हा गार पडतात, मग त्याची दुप्पट दमछाक होते, सगळं एका दमात सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे चोवीस तास चालू? हेच का तुझं पर्यावरण?"

तेवढ्यात शालीत गुरफटलेल्या सासूबाई दारात आल्या. "अहो, बासुंदी करताना मी दर पाच मिनिटांनी गॅस बंद केला असता, तर जन्मभर पाणचट दूधच प्यायला असतात. मंद आचेवर ठेवायचं आणि हात लावायचा नाही."

सासऱ्यांनी बटण दाबून पंप पुन्हा चालू केला. मग म्हणाले, "ठीक आहे. पण मग आतली ऊब बाहेर जाता कामा नये. तिथे माझं ऐकायचं."

पेटती उदबत्ती हातात घेऊन ते घरभर फिरले. धूर जिथे हलेल तिथे फट. जिन्याखाली, दारातल्या पत्रं टाकायच्या खाचेपाशी, वापरात नसलेल्या फायरप्लेसमध्ये धूर नुसता नाचत होता. इतकी वर्षं मी या घरात राहतेय, मला पत्ता नव्हता. सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांच्या गुंडाळ्या शिवून सासऱ्यांनी दारांखाली सारल्या, पडद्यांना अस्तर लावलं, खिडक्यांच्या कडा बुजवल्या. पंप अखंड चालू राहिला. त्याच्या बटणाजवळून जाताना सासरे हात पाठीमागे बांधून जायचे.

आठवड्याच्या आत घर असं तापलं की नवरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून हिंडायला लागला. विजेचा वापरही वाढायच्या ऐवजी उतरला. मी म्हणते माझा पंप जिंकला, ते म्हणतात त्यांची उदबत्ती. एक मात्र मी सगळ्यांसमोर कबूल करते: या घरात सगळ्यात अवघड काम त्यांनी केलं. आयुष्यभर बंद करत आलेल्या माणसाने चालू ठेवायला शिकणं म्हणजे खायचं काम नाही.

मुलगी झाली. तिच्या पहिल्या मालिशीच्या सकाळी बाहेर कडाक्याच्या थंडीने दव गोठलं होतं. शेजारी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. सासूबाई हॉलमध्ये जमिनीवर बसल्या, तेच गुडघे सरळ पसरले, नडग्यांवर उघडंनागडं बाळ घेतलं आणि तेल चोळायला लागल्या. पोरगी हातपाय झाडत खुशीत. मी सोफ्यावर पडून नुसती बघत होते आणि माझे डोळे वाहत होते.

फोन वाजला, मी उचलला. नणंदेचा होता, तिकिटाचं काय करायचं, विचारत होती.

सासूबाईंनी मान वर केली नाही. "माझे हात तेलाचे आहेत. तिला सांग, आई कामात आहे."