चष्मेवाल्या मेहुण्याची सफर

माझा मेहुणा चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासतो आणि घरी येऊनही ते थांबवत नाही. क्रूझ ठरवताना त्याने सोळा वर्षांच्या लेकीपुढे दोन मार्गांचे फोटो आळीपाळीने धरले.

"आधीचं बरं की हे?"

त्याच्या बायकोने मध्येच बंदरांचं विचारलं, तर तपासणी चालू असताना बोलू नये म्हणाला.

मोबाइलमधून मान वर न काढता लेक म्हणाली, "दोन्ही सारखंच."

गिऱ्हाईक असं म्हणालं की नंबर बरोबर लागला, हा त्याच्या धंद्यातला नियम. स्वारीने खुशीत हातातल्या मार्गाचं बुकिंग करून टाकलं.

आता जहाजासमोर बर्फाचे डोंगर उभे आहेत आणि लेक केबिनमध्ये लोळतेय. बापाने डेकवरून तिला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "पप्पा, आधीचं बरं होतं."