कोपऱ्यातला बाण

देवळीच्या टायपिंगवाल्या सरांकडे कॉम्प्युटर नेला, की ते आधी त्याला हातच लावत नसत. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि विचारायचे, "गेल्यावर रडसान असं काय हाय याच्यात?" नवखा माणूस चिडायचा. दुरुस्तीला आलोय, रडायला नाही, असं एका कृषी केंद्रवाल्याने त्यांना सुनावलं होतं. तोच गडी बसस्टँडवरून धावत परत आला, कारण पोरीच्या बारशाचे फोटो आठवले.

पूर्वी त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मशीनवरची खटखट बंद पडली तसे ते त्याच खोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले, पण जुनी शिस्त काही गेली नाही. फॉरमॅट मारला की सी ड्राइव्ह पुसला जाणार, डी तसाच राहणार. म्हणून जपायचं ते मालकाने स्वतःच्या हाताने डी मध्ये ठेवायचं आणि एकेक उघडून दाखवायचं. दुसऱ्याच्या घरचं सामान आपण हलवत नाही, असं ते म्हणत.

मी विज्ञानाचा शिक्षक. शाळेत प्रिंटर रुसला तरी मलाच हाक यायची आणि मी गंभीर चेहऱ्याने "व्हायरस आहे" असं सांगायचो. माझं ज्ञान त्यापुढे जात नाही, हे मला आणि परमेश्वरालाच ठाऊक होतं. बोरगाव मेघेच्या घरातला आमचा कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला, तेव्हा बायकोला मी दरडावलंच, तू मध्ये पडू नको, एवढं मला कळतं.

तिची काळजी खोटी नव्हती. रोहणा तिचं माहेर. तिथल्या म्हाताऱ्यांपाशी बसून दोन वर्षं तिने भुलाबाईची गाणी टाइप केली होती. त्यातल्या दोघी आता नव्हत्या आणि त्यांची गाणी त्या फाइलींशिवाय कुठेच नव्हती. मी ती सगळी डेस्कटॉपवरून उचलून डी मध्ये टाकली. दोन वर्षांचं काम क्षणात तिकडे हललं, तेव्हा मला माझ्याच हाताचं कौतुक वाटलं. प्रत्येक फाइलीच्या कोपऱ्यात एक बारका बाण होता. माल नीट पोचल्याची ती खूण असणार, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सीपीयू मांडीवर घेऊन आम्ही दोघं देवळीला गेलो. सरांनी आपला प्रश्न विचारला. मी थाटात डी मधलं एक गाणं उघडलं. ते उघडलंही. सर स्क्रीनजवळ वाकले. मग बायकोला म्हणाले, वहिनी, आज बाजार हाय, भाजी घेऊन येजा. ती गेल्यावर त्यांनी बोट टेकवलं.

"गुरुजी, हा बाण दिसून राह्यला का? ही घरावरची पाटी हाय. घर अजून सी मंधीच हाय."

मी हलवले होते ते नुसते शॉर्टकट; गाणं उघडत होतं ते सी मधूनच. फॉरमॅट मारला असता तर डी मध्ये नुसत्या पाट्या उरल्या असत्या. मी माउस सरांपुढे सरकवला. सरांनी खुर्ची ओढली, शेजारी बसले आणि एकेक खरी फाइल माझ्याच हाताने हलवून घेतली. पंखा बंद होता, दोघंही घामाने निथळत होतो. बायको वांगी घेऊन परतली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, गुरुजीनं सगळं बराबर ठेवलं. आणि मी निर्लज्जासारखी मान डोलावली. पुढे कितीतरी वर्षं स्टाफरूममध्ये त्या बाणावर मी व्याख्यानंही झोडली.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. बातमी ऐकून मला फार वाईट वाटलं आणि राहवलं नाही, बायकोला मी सगळं खरं सांगून टाकलं. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मले माहीत हाय."

आम्ही कॉम्प्युटर घेऊन जायच्या आदल्या दिवशी, मी शाळेत असताना ती एकटीच देवळीला गेली होती आणि गाण्यांचा पेन ड्राइव्ह सरांकडे ठेवून आली होती. माझ्यावर भरवसा नव्हता, हे तिने अगदी सहज सांगितलं. वांगी घेऊन परतली तेव्हा आमचे चेहरे बघूनच बाकीचं तिने ओळखलं होतं. सरांनी तिला एवढंच बजावलं होतं, "गुरुजीले नका सांगू वहिनी. मास्तर माणसाले लागते."

म्हणजे गाणी त्यांच्या खणात सुखरूप होती. सरांना खुशाल फॉरमॅट मारता आला असता, माझी फजिती बघता आली असती आणि मग हसत पेन ड्राइव्ह काढता आला असता. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. त्या दुपारी ते शेजारी बसून घाम पुसत वाचवत होते ते मला, आणि हे त्यांना सांगायला आता उशीर झाला.