ख्रिस्ताचं ताट

गोरे पाद्री मायदेशी परतल्यावर धुळ्यातल्या आमच्या मंडळीला नवे पाळक मिळाले. ख्रिस्ताशी जवळीक साधायची तर घरी त्याचं ताट वाढा, असं त्यांनी एका उपासनेत सांगितलं. ते दृष्टान्तानं बोलले असावेत. माझे वडील मंडळीचे पंच. ते तडक सुताराकडे गेले आणि शिसवी पाट घेऊन आले.

पाहुणा पुरुष, तेव्हा पाट पुरुषांच्या पंगतीत मांडला गेला. त्याच्या उजव्या हाताला वडील स्वतः बसले. पाहुणा उठल्याशिवाय पंगतीतून कोणी उठायचं नाही, ही रीत आमच्या घरात धर्म बदलून दोन पिढ्या झाल्या तरी टिकून होती. पण हा पाहुणा उठला हे कळणार कसं? वडिलांनी ठरवून टाकलं: जेवणानंतरच्या प्रार्थनेला आपण ‘आमेन’ म्हटलं, की तो उठला. मग अन्न वाया जाऊ नये म्हणून त्याच्या ताटातली कळण्याची भाकरी आणि भरीत तेच संपवत. वर्षभरात ही जवळीक त्यांच्या कोटाच्या बटणांना जाणवू लागली.

वाढायला असे माझी आत्या, वडिलांची थोरली, विधवा बहीण. ती मागाहून चुलीपाशी जेवे. तोवर तो रोज जेवून गेलेला असे.

“तो तुमनासंगे रोज जेवस,” ती एकदा म्हणाली. “मनासंगे कव्हय जेवी, भाऊ?”

वडिलांनी प्रश्न पाळकांपुढे ठेवला, पाळकांनी कमिटीपुढे. कमिटी आमच्याच ओटीवर तीनदा बसली. ख्रिस्ताला स्वयंपाकघरात बसवणं त्याच्या मानाला शोभेल का, यावर एकमत होईना. तिन्ही वेळा चहा आत्यानंच केला.

मग एका रविवारी वडील डोळे मिटून प्रार्थना करत असताना ती आली, भरलं ताट उचललं आणि आत गेली. ‘आमेन’ म्हणून वडिलांनी डोळे उघडले, तर पाटापुढचं ताट गायब.

“अक्का, तो जेवून उठलाय!”

“तुनं आमेन व्हवाना पहिलेच ताट उचलं मी,” आतून आवाज आला. “भुक्या व्हता बिचारा. अजून जेवी राहिना शे तो.”

पाहुणा जेवत होता.

आम्ही खरकटे हात घेऊन बसून राहिलो. आत आत्या हळू आवाजात कुणाला तरी काहीबाही सांगत होती. मध्येच एकदा हसलीही. वडिलांच्या बोटांवरचं भरीत वाळून गेलं, पण पंगतीतून कोणी उठलं नाही.