उजव्या खांद्यावरचा पदर

नागपूरची इंग्रजी शाळा आणि पुढचं कॉलेज आटोपून मी त्या वर्षी मध्य प्रदेशातल्या आमच्या मराठी गावी, सौंसरला, घरी बसले होते. माझी मोठीआई, म्हणजे थोरली काकू, महिला मंडळाची अध्यक्ष होती. मंगळवारी दुपारी मंडळ भरायचं. सरकारी पत्रं वाचायला कोणीतरी शिकलेलं हवं म्हणून ती मला सोबत न्यायची. एरवी मी भिंतीला टेकून ब्लाउजची काजं करत बसायचे. आपल्यावर बोलायची वेळ येऊ नये, एवढंच मला वाटायचं.

मंडळाच्या शिवणवर्गाला सरकारी अनुदान होतं. मशिनी त्यातूनच आल्या होत्या, खोलीचं भाडंही त्यातूनच निघायचं. अट अशी, की बोरगावच्या नव्या कारखान्यांत परमुलखातून जे लोक आले, त्यांच्या बायकांना वर्गात घ्यायचं, गावात मिसळून घ्यायचं. चार-दोन आल्या तशा गेल्या. टिकली ती एक, रीवाकडची. उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला पदर कपाळापर्यंत ओढलेला, भांगात शेंदूर. ती माझ्याजवळ बसायची, कारण तिथंच जागा रिकामी असे. बायका तिला रीवावाली म्हणत.

एका दुपारी तिनं मला दाराआड नेलं आणि इकडच्यासारखा पदर घेऊन दाखव म्हणाली. मी डाव्या खांद्यावर तिला पिन लावून दिली. भाषाही तिनं बायकांच्या तोंडून उचलली, शिव्यांसकट. माझ्या पुस्तकी मराठीला हसणाऱ्या बायका तिच्या बोलण्याला हसेनाशा झाल्या. रीवावालीची वहिनी झाली. बाजारात एका भाजीवालीनं तिला विचारलं होतं, "माहेर कोन्तं वो, पांढुर्ण्याचं का?" ही गोष्ट ती मला पुन्हा पुन्हा सांगायची. तिकडं परत जावं असं तिचं कोणी उरलं नव्हतं. तिची लहान मुलगी इथंच वाढायची होती.

"आता मले कोनी पुसत नाही, तू कुठची म्हनून," ती म्हणायची. तिला तेवढंच हवं होतं.

मग जिल्ह्याच्या ठिकाणाहून, छिंदवाड्याहून, साहेब तपासणीला आले. अनुदान पुढं चालू ठेवायचं की नाही, ते त्यांच्या अहवालावर होतं. त्यांनी सतरंजीवरच्या बायकांवरून नजर फिरवली.

"इनमें बाहर से आई हुई महिलाएँ कौन-सी हैं?"

मोठीआईनं कौतुकानं वहिनीकडे बोट केलं. "हे काय साहेब, तुमच्या समोरच बसली."

साहेबांनी तिला गाव विचारलं. ती पदर सावरून म्हणाली, "मी आता इथलीच हावो जी."

साहेब हसले. आपल्याला फसवताहेत असं त्यांना वाटलं असावं. चहा होईपर्यंत खऱ्या बाहेरच्या महिला दाखवा, नाहीतर तसं लिहावं लागेल, असं सांगून ते बाजूच्या खोलीत गेले.

"माही सून दाखवा त्यायले," एक म्हातारी म्हणाली. "पाच वर्सं झाली, मले तं अजून नवीनच वाटते." एक-दोघी हसल्या.

मोठीआईनं वहिनीला आतल्या खोलीत नेलं. मलाही बोलावलं.

"वहिनी, घडीभर तुमच्या तिकडचा पदर घ्या. आन् हिंदीतच बोलजा."

"मंग मी काय खोटी हावो?"

"खोटी कोन म्हनते तुमाले? पन मशिनी घेऊन जातीन ना वो ते."

मग तिनं स्वतःच पिन काढली आणि माझ्या हातात दिली. पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतला, डोक्यावर ओढला आणि बाहेर गेली. साहेबांशी हिंदीत बोलताना ती मधेच शब्दासाठी अडत होती. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही. जाताना ते म्हणाले, अशा महिलांची वेगळी रांग ठेवा, पाहणाऱ्याला लगेच कळतं.

अनुदान चालू राहिलं.

पुढच्या मंगळवारी दाराजवळ दुसरी सतरंजी घातलेली होती. बोरगावहून आणलेल्या दोन नव्या बायका तिच्यावर अंग चोरून बसल्या होत्या. वहिनी आली ती डाव्या खांद्यावर पदर घेऊन. माझ्याकडे येत होती, तेवढ्यात मोठीआई म्हणाली, "रीवावाली, तुम्ही तिकडं बसा बरं. तुमच्याच तिकडच्या हायेत, तुम्हीच सांभाळा यायले." मोठीआईच्या आवाजात राग नव्हता, तिरस्कारही नव्हता.

ती तिकडे जाऊन बसली. त्या दोघींना मशीनमध्ये दोरा ओवायला दाखवू लागली. तिच्या हिंदीत आमच्याकडचे शब्द येत होते आणि त्या दोघी एकमेकींकडे पाहत होत्या. शेवटी त्यातल्या धाकटीनं भीतभीत विचारलं, "दीदी, आप यहीं की हैं?"

तिनं सुईखालचा कपडा सारखा केला.

"नहीं," ती म्हणाली, "हम तो रीवा के हैं."